फुगडीची बेरीज

१

"फुगडीला दोघी लागत्यात, पोरींनो. एकटीची ती नुसती गिरकी."

पंचेचाळीस वर्षं झाली, तरी लंकाबाईचा तो आवाज चांगुणा मॅडमच्या कानातून गेला नव्हता. गावी काष्टीला, निंबाखाली, पंचमीच्या दुपारी खेळून दमलेल्या पोरींना ही चुलती ओळीनं बसवायची आणि एकेकीला विचारायची, "तुज्या किती झाल्या गं?" कुणी सांगे चार, कुणी सात. लंकाबाईला अक्षर ठाऊक नव्हतं. बोटांच्या पेरांवर ती दोन-दोनचा हिशेब लावी, आणि शेवटी एखादं पेर एकटं उरलं की डोळे बारीक करी. "कुनीतरी खोटं बोलतीया. परत्येक फुगडी दोघींनी मोजली. मग बेरीज जोडीनंच याया पायजे. ही एकटी कुठनं आली?"

मग स्वतःच हसून गायची:

पहिली माझी फुगडी गं सईच्या हातावर,
दोघींचा गं तोल राही दोघींच्या बोलावर.

सावेडीतल्या कॉलेजात चांगुणा मॅडम बावीस वर्षं हाच नियम शिकवत आल्या होत्या. बीसीएच्या मुलांना डिस्क्रीट मॅथ्स. त्यात ग्राफ म्हणजे ठिपके, आणि ठिपके जोडणाऱ्या रेघा. प्रत्येक ठिपक्याशी किती रेघा येतात ते मोजा, सगळी बेरीज करा. ती समच येणार, कारण प्रत्येक रेघ दोन्ही टोकांना मोजली गेली. पुस्तकात तिथं हस्तांदोलनाचं उदाहरण असे. मॅडम पुस्तक मिटायच्या आणि लंकाबाईची फुगडी सांगायच्या.

आता तीच फुगडी राजेश्वरी शिकवत होती. त्यांचीच विद्यार्थिनी, दोन वर्षांपूर्वी इथंच नोकरीला लागलेली. ती नुसती सांगत नव्हती. पोरापोरींना व्हरांड्यात काढून जोड्यांनी गरगर फिरवत होती, दाढी आलेल्या पोरांनासुद्धा. त्यांचं खिदळणं भिंत ओलांडून मॅडमच्या वर्गात यायचं, आणि मॅडमच्या मनात दळणात खडा आल्यासारखं काहीतरी करकरायचं. आपल्या तासाला कधी हसली होती का पोरं अशी?

त्यात ती फळी. लाकडी फळीवर एकवीस खिळे, प्रत्येक खिळा जिल्ह्यातलं एक गाव: राहाता, पारनेर, शेवगाव, काष्टी. त्यांच्यामधून लाल लोकरीचा एकच लांब धागा एसटीच्या सगळ्या रस्त्यांवरून फिरवलेला. एकही रस्ता दोनदा नाही, एकही सुटलेला नाही. उद्या अकराला बाहेरची समिती येणार होती, तिच्यापुढं राजेश्वरीचा नमुना तास होता या फळीवर.

किंक्रांतीचा दिवस. पावणेपाचला लॅब बंद करायला गेलेले फक्रुद्दीनभाई विभागप्रमुखांच्या केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. किल्ली अजून हातातच होती.

"म्याडम, चला जरा. फळी नागडी झाली."

एकवीस खिळे नुसते उभे होते. धागा एकाही खिळ्यावर नव्हता. प्रिंटरच्या रिकाम्या खोक्यात चांगुणा मॅडमना लोकरीचा गुंडा सापडला. गोल, घट्ट. कुठं तुटलेला नाही, कुठं कात्री लागलेली नाही.

त्यांनी तो पटकन खाली ठेवला. या धाग्याची दोन टोकं खिळ्यांच्या मागं खोचलेली असत, आणि ती दिसत नसत. ज्या दोनच खिळ्यांवर विषम संख्येनं धागे येतात, तिथंच टोकं, हे माहीत असल्याशिवाय इतका सलग गुंडा कुणाला वळता येणार नव्हता.

आणि हे या इमारतीत शिकवत आलं होतं कोण? त्या स्वतःच.

२

विभागप्रमुख हमिदा मॅडम डेटाबेस शिकवायच्या. आवाज मऊ, नजर पक्की. त्यांनी बाकीच्या चौघांना आपल्या केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"पोलीस नको, प्राचार्य नको. घरातलं घरात पाहू. चार वाजता फळी मी स्वतः पाहिली, धडधाकट होती. साडेचारनंतर भाई सोडून आपण चौघं इथं माझ्यासमोर उद्याचं ठरवत बसलो होतो. भाई चार वीसला प्राचार्यांकडे चहा घेऊन गेले, तिथंच सह्यांसाठी थांबले. मी आत्ता विचारून घेतलं. म्हणजे जे झालं ते चार ते साडेचार. तेव्हा आपण सगळे स्टाफरूममध्ये तिळगूळ वाटत होतो. निदान तसं म्हणतोय."

त्या अर्ध्या तासात स्टाफरूम म्हणजे काष्टीचा बाजार झाली होती. मुलांचे घोळके तिळगूळ द्यायला येत होते, पाया पडत होते, सेल्फी काढत होते. लॅबची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला. कोण कधी आत, कोण कधी बाहेर, कुणाला सांगता येईना.

"मी खिडकीशी होतो," रविराज सर म्हणाले. प्रोग्रामिंग शिकवायचे, अंगानं उंच, बोलण्यात चटपटीत. "मधे व्हरांड्यात फोनवर. पण चारपासून तिथंच. तुम्हाला तिळगूळ दिला की, चांगुणा मॅडम."

दिला होता खरा. मॅडमना एवढंच आठवत होतं की त्यानंतर रविराजनी किटली उचलून स्वतः चहा ओतला होता आणि तोंड वाकडं करून म्हटलं होतं, "हा तर पार गार झालाय."

फक्रुद्दीनभाई भिंतीला टेकून उभे होते. राहात्याच्या सुताराचे चिरंजीव, इथं अकरा वर्षं लॅब सांभाळत होते, पण अजून दरवर्षीच्या करारावर. फळीचे खिळे त्यांनीच ठोकले होते. "मी तर चहाच ओतत हुतो, म्याडम. तुमी माज्या हातचा लाडू खाल्ला. गूळ कडक झालाय म्हनालात, दातावर हात ठिवून. चांगुणा म्याडम हसल्या तवा."

"खाल्ला, भाई. दाढ अजून दुखतेय," हमिदा मॅडम म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. "हे बघा, लॅबची किल्ली तुमच्या ताब्यात असते. मार्चमध्ये करार वाढवायचाय. उद्या समितीसमोर हे असं राहिलं, तर प्राचार्य पहिलं नाव कुणाचं घेतील, ते तुम्हीच सांगा."

 भाईंनी किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

हमिदा मॅडमनी पाच चिठ्ठ्या फाडल्या.

"राजेश्वरी, तुझ्याच धड्यानं बघू या. कुणाला दिला, कुणाला नाही हे विचारलं की माणूस सावरून बोलतो. मी आकडाच विचारते. साडेचारपर्यंत आपल्या पाचांपैकी किती जणांशी तिळगूळ झाला? घेतला नि दिला, तरच धरायचा. नाव लिहा, आकडा लिहा, घडी घाला."

चांगुणा मॅडमनी पेन घेतलं. पर्समध्ये हात घातला तेव्हा बोटांना कागदाची एक पुडी लागली. घरून त्यांनी मोजून चार पुड्या आणल्या होत्या.

त्यांनी आकडा लिहिला आणि चिठ्ठीची घडी दोनदा घातली.

३

हमिदा मॅडमनी चिठ्ठ्या एकेक करून उघडल्या आणि फळ्यावर उतरवल्या.

हमिदा चार. चांगुणा चार. रविराज चार. राजेश्वरी तीन. फक्रुद्दीन तीन.

"अठरा. सम आहे. म्हणजे सगळे खरं बोलले. बरं वाटलं मला." त्यांनी खडू खाली ठेवला. "पाच माणसांच्या जोड्या होतात दहा. अठराचे निम्मे नऊ. एकच जोडी राहिली. आणि तीन आकडा दोघांनीच लिहिलाय."

सगळ्यांच्या माना आपोआप फिरल्या. राजेश्वरीकडे, मग भाईंकडे.

"न्हाई न्हाई!" भाई भिंतीपासून सुटून पुढं आले. "राजेश्वरी म्याडमला दिला मी. पयला त्यान्लाच दिला. ऱ्हायले ते रविराज सर. ते दिसलेच न्हाईत मला."

"भाई!" रविराज सर हसले. "तुमच्या हातातून घेतला की मी. गर्दीत विसरलात. आणि मी चार लिहिलेत, फळ्यावर आहे. तुमचं खरं धरलं तर बेरीज मोडते."

"राजेश्वरी," हमिदा मॅडम म्हणाल्या, "भाईंनी दिला तुला?"

"दिला, मॅडम."

"मग कुणाशी राहिला?"

राजेश्वरीनं मान खाली घातली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "आठवत नाही."

"चार माणसांतलं आठवत नाही? डिस्क्रीट शिकवतेस तू."

 हमिदा मॅडमनी सुस्कारा सोडला. "म्हातारपणी नोकरी जाईल म्हणून पाठीशी घालतेयस त्यांना."

"मला एक सांगायचं होतं," रविराज सर हळूच म्हणाले. "परवा भाई म्हणत होते, फळी मी केली, खिळे मी ठोकले, पण उद्या नाव मॅडमचंच होणार. चेष्टेत असेल म्हणा."

"चेष्टाच व्हती ती!" भाईंचा आवाज फाटला. "हमिदा म्याडम, तुमाला खरं वाटतंय व्हय? सवताच्या हातानं केलेली वस्तू कुनी मोडंल का?"

"तुम्ही सगळा वेळ खोलीत असता, तर दाराशीच बसलेल्या राजेश्वरीशी तुमचा तिळगूळ राहिलाच नसता, भाई. मी म्हणत नाही हे. आकडे म्हणतायत." त्यांनी घड्याळ पाहिलं. "सकाळी दहाला मला प्राचार्यांना लिहून द्यावं लागेल. उद्या तुम्ही लॅबला येऊ नका."

भाईंनी किल्ली टेबलावर ठेवली. अकरा वर्षांची किल्ली. तिचा एवढासा आवाज झाला, पण चांगुणा मॅडमच्या छातीत तो कितीतरी वेळ वाजत राहिला.

४

चांगुणा मॅडमची स्कूटर पाइपलाइन रोडला लागली. दोन्ही बाजूंना पोरांच्या पतंगांचा उरलासुरला मांजा तारांवर लोंबकळत होता.

राजेश्वरीनं नाव का घेतलं नाही, हे चांगुणा मॅडमना एकट्यांनाच माहीत होतं. दुपारी ती त्यांच्यासमोर लाडू घेऊन आली होती. "मॅडम, तिळगूळ घ्या, गोड बोला." नेमका तेव्हाच मुलांचा एक घोळका तिच्याभोवती जमला. "मॅडम, उद्या फुगडी घालणार का समितीसोबत?" आणि सगळी हसली. मॅडमनी मोबाईल कानाला लावला. फोन आलेला नव्हता. राजेश्वरी लाडू तसाच हातात धरून क्षणभर थांबली आणि मागं फिरली. चौथी पुडी पर्समध्येच राहिली.

आणि चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं, चार. चौपन्नाव्या वर्षी, केस पांढरे झाल्यावर, विद्यार्थिनीवर रुसलो हे कागदावर कसं लिहायचं?

एवढं एकच खोटं, त्या मनाशी म्हणाल्या. एका आकड्याचं.

आणि तिथं त्यांचा हात ब्रेकवर गेला. मागचा रिक्षावाला शिवी घालून पुढं गेला.

एका आकड्याचं! त्यांचा खरा आकडा तीन. मग बेरीज अठरा नाही, सतरा. सतरा येऊच शकत नाही. लंकाबाईचं एक पेर एकटं उरत होतं.

त्या रस्त्याच्या कडेला तशाच बसून राहिल्या, आणि निंबाखालचा तो आवाज पुन्हा आला. एका पंचमीला लहानग्या चांगुणानं एक फुगडी वाढवून सांगितली होती, तरी बेरीज जुळली होती. ती खुशीत उठायला लागली तशी लंकाबाईनं तिची वेणी धरली. "बस खाली. बेरीज जुळली म्हंजी समद्या खऱ्या, असं कुनी सांगितलं? एकीचं खोटं उघडं पडतं, पोरी. दोघींचं एकमेकीला झाकतं."

आज त्यांच्या खोट्यानं कुणाचं तरी खोटं झाकलं होतं. आणि ते कुणाचं, हे जगात फक्त त्यांनाच काढता येणार होतं. त्यासाठी आपलं आधी उघडं करावं लागणार होतं. तेही चौघांसमोर, आणि त्यांत राजेश्वरी. वर तो सलग गुंडा! आपण खोटं लिहिलं म्हटल्यावर धागाही आपणच काढला, असंच सगळे म्हणतील.

न बोलता घरी गेलं तर? फळी मोडली ती मोडली. तास झाला नाही तर नाही झाला. मनातला खडा हे सांगत होता, आणि किती गोड आवाजात सांगत होता.

टेबलावर ठेवलेल्या किल्लीचा आवाज त्यांना पुन्हा ऐकू आला. त्यांनी स्कूटर वळवली.

५

हमिदा मॅडम केबिनला कुलूप लावत होत्या. रविराज सर बॅग खांद्याला अडकवून निघाले होते. राजेश्वरी लॅबच्या पायरीवर गुंडा मांडीत घेऊन बसली होती, आणि भाई आपला डबा पिशवीत घालत होते.

"थांबा सगळे," चांगुणा मॅडम म्हणाल्या. धाप लागली होती. "फळ्यावरचा माझा आकडा खोटा आहे."

"काय म्हणताय, चांगुणाताई?" हमिदा मॅडम म्हणाल्या.

"राजेश्वरीला मी तिळगूळ दिला नाही. तिनं पुढं केलेलाही घेतला नाही. माझे तीन. ही कुणाला वाचवत होती विचारा. मला."

राजेश्वरीनं डोळे वर केले आणि पुन्हा खाली नेले. तेवढं उत्तर पुरे होतं.

रविराज सरांचा चेहरा आधी उजळला. "म्हणजे मॅडम, धागा तुम्ही...? तो गुंडा बघूनच मला वाटलं होतं, हे काम ग्राफ कळणाऱ्याचं आहे. बोललो नाही, मोठ्या तुम्ही."

"ग्राफ कळणाऱ्याचंच आहे. तिघांना कळतो इथं. मला, हिला आणि तुम्हाला." अजून कुलूप न पडलेलं दार ढकलून मॅडम खडू घेऊन केबिनमधल्या फळ्याकडे गेल्या. बावीस वर्षांची सवय. खडू हातात आला की आवाज आपोआप स्थिर व्हायचा. "माझा चार पुसला, तीन लिहिला. आता माझा तीन आणि राजेश्वरीचा तीन, ही एक राहिलेली जोडी झाली. बरोबर?"

"बरोबर," हमिदा मॅडम म्हणाल्या.

"मग भाईंचा तीन एकटा उरला. त्यांचीही कुणाशी तरी राहिलीच आहे. त्याची जोडी कोण? मी नाही, माझा लाडू त्यांनी खाल्ला आणि त्यांचा मी. राजेश्वरी नाही. तुमची दाढ साक्षीला आहे, हमिदा. राहिलं कोण?"

हमिदा मॅडमची नजर रविराज सरांकडे वळली.

"भाई चारपासून वीस मिनिटं चहाची किटली घेऊन दाराशी उभे होते. कुणालाही चहा ओतल्याशिवाय सोडत नव्हते. रविराज सर, तुम्ही चहा स्वतः ओतून घेतलात, आणि तो गार होता. मी समोर होते. भाई गेल्यावर आलात तुम्ही. तोवर वीस मिनिटं कुठं होतात?"

रविराज सरांनी खांद्यावरची बॅग काढली आणि पुन्हा घातली. तोंडाशी दोन-तीन उत्तरं येऊन गेली असावीत. मग ते दाराच्या चौकटीला टेकले, आणि त्यांचं चटपटीत बोलणं कुठंतरी विरून गेलं.

"सहा महिने मी ऍनिमेशन केलं याच ग्राफच्या विषयावर," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "प्राचार्य म्हणाले, पडद्यावरचं काय दाखवायचं, तो लोकरीचा तास ठेवा. लोकरीचा! कात्री होती खिशात. नाही चालवता आली. इतकं सुंदर फिरवलं होतं तिनं, की टोक कुठं असेल ते शोधत गेलो आणि उलगडत गेलो. वाटलं, उद्यापर्यंत पुन्हा बांधून होणार नाही. बस, एवढंच."

"आणि मी?" भाई म्हणाले. "माजं काय हुईल, ते मोजलं न्हाई व्हय सर तुमी?"

 हमिदा मॅडमनी टेबलावरची किल्ली उचलली, भाईंच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं स्वतः मिटवली. "चुकले, भाई. बेरीज जुळली म्हणून डोळे मिटले मी. रविराज, तुम्ही आत या. दार लावून घ्या."

६

लॅबमध्ये ट्यूबलाइट लावून तिघं फळीवर वाकले. भाई सैल झालेले खिळे ठोकत होते, राजेश्वरी धागा फिरवत होती, आणि चांगुणा मॅडम गुंडा धरून तो हळूहळू सोडत होत्या. काष्टीच्या खिळ्यापासून सुरुवात, राहात्याला शेवट. 

"मी वर्गात कधी तुमचं नाव घेतलं नाही," राजेश्वरी मान वर न करता म्हणाली. "फुगडी तुमची. पोरं विचारायची, मॅडम, कसं सुचलं? मी नुसती हसायचे. ते माझं चुकलं."

"चुकलंच," मॅडम म्हणाल्या.

"वळा आता शेवगावकडं," भाईंनी मधेच सांगितलं, "न्हाईतर पारनेरचा रस्ता दोनदा हुईल."

धागा शेवगावकडे वळला. मॅडमनी गुंडा गुडघ्यावर ठेवला, पर्समधून ती चौथी पुडी काढली आणि कागद उलगडला. लाडू एका बाजूनं फुटला होता. त्यांनी तो राजेश्वरीच्या हातावर ठेवला. हात मात्र मागं घेतला नाही.

"गोड बोला म्हणतात ना," त्या म्हणाल्या. "मग ऐक. नोव्हेंबरात तू पोरांना व्हरांड्यात फिरवत होतीस, तेव्हा मी दाराआड उभी होते. पूर्ण तास. बावीस वर्षं मी फुगडी नुसती सांगत आले, गं. घालायला कुणाला उठवलं नाही, मला धीरच झाला नाही. लंकाबाई असती तर तुझ्या वर्गात येऊन बसली असती, माझ्या नाही. मला तुझा हेवा वाटला, राजेश्वरी. अजून वाटतोय. कारण तो धडा तू माझ्यापेक्षा चांगला शिकवतेस."